चेराईची पंगत आणि तीस रुपयांचे ताट

2023 सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता मुलांना घेऊन केरळला गेलो. कुर्ल्याहून नेत्रावती एक्सप्रेस पकडली, दुसऱ्या दिवशी एर्नाकुलमला उतरलो. मुलांना समुद्र पाहायचा होता, आम्हाला चेराई.

गोश्री पुलांवरून बस वायपीन बेटावर जाते. तेथल्या चेराई गावी 29 मे 1917 रोजी सहोदरन अय्यप्पन या तरुणाने मिश्रभोजन घडवले. तो इळवा समाजाचा. अस्पृश्य मानलेल्या पुलया मुलांसोबत त्याने आपली माणसे जेवायला बसवली. लोक त्याला ‘पुलयन अय्यप्पन’ म्हणून हिणवू लागले, त्याने ते नाव अभिमानाने घेतले. महाडच्या चवदार तळ्याआधी दहा वर्षे घडलेली ही गोष्ट!

परतताना एका जनकीय हॉटेलात जेवलो. भात, सांबार, भाजी, लोणचे. ताट 30 रुपये. रांधणाऱ्या, वाढणाऱ्या बाया कुटुंबश्रीच्या. बचत गटांची ही चळवळ 1998 ची. 2020 साली केरळ सरकारने ही हॉटेले सुरू केली. जागा पंचायतीने किंवा नगरपालिकेने द्यायची, वीज-पाणीही तिनेच. तांदूळ 10 रुपये 90 पैसे किलोने, वर ताटामागे 10 रुपये अनुदान. म्हणून ताट 20 रुपयांना मिळे. ऑगस्ट 2023 पासून अनुदान बंद झाले. गल्ल्यावरच्या ताईंनी मोडक्या हिंदीत सांगितले, जागेचे भाडे भरावे लागले असते तर चूल केव्हाच विझली असती.

आमच्या बाकावर एक लॉटरी विकणारे गृहस्थ येऊन बसले. कुणी कुणाला आडनाव विचारले नाही. आमच्या वडिलांना गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी असे, ती त्यांनाच विसळून ठेवावी लागे. मुलांना हे तिथेच सांगितले. धाकटीने हातातला घास खाली ठेवला.

घरी आल्यावर विहाराच्या बैठकीत विषय काढला. आमच्या विहाराची मागची खोली रविवार सोडता बंदच असते आणि वस्तीतल्या बचत गटाच्या भगिनी नाक्यावर उन्हात पोळी-भाजी विकतात. कुणी म्हणाले, विहारात फोडणीचा वास नको. बराच वाद झाला. अखेर सकाळी सहा ते अकरा खोली द्यायचे ठरले. भाडे नाही, साफसफाई मात्र चोख हवी.

बंधू-भगिनींनो, आपल्या विहाराची खोली आठवड्यात किती दिवस उघडते, एकदा मोजून पाहा.