कोशाचा कोट

शिवलेल्या कोटाचा छापील पॅटर्न बहुतेक वेळा लोकरी कापड गृहीत धरून आखलेला असतो. वाफेने आकसणारे, कात्री लावली तरी कडा धरून ठेवणारे, दीड मीटर पन्ह्याचे कापड. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तिथे अशा कापडाचा कोट हिवाळ्याचे चार आठवडे सोडले तर कपाटातच राहतो. याच भागात हातमागावर विणलेले कोसा (टसर रेशीम) कापड मिळते. ते हलके असते, अंगाला चिकटत नाही आणि उभारीचे असल्यामुळे कॉलर व लॅपल चांगले धरते. साडी, धोतर आणि उपरणे यांपलीकडे त्याचा विचार फारसा होत नाही, ही उणीव आहे. प्रस्तुत लेखिकेने आपला कोट याच कापडाचा, विकतच्या पॅटर्नवरून शिवला. त्या कामात पॅटर्न कुठे पाळायचा आणि कुठे मोडायचा, हे कापडानेच ठरवले.

कोशाचा किडा ऐन आणि अर्जुन या झाडांचा पाला खातो. तो घरात नव्हे तर उघड्या रानात वाढतो आणि पाखरांपासून त्याची राखण करावी लागते. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीच्या परिसरात हे काम ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. विणकामासाठी चंद्रपूर जिल्ह्यातले नागभीड ओळखले जाते. विदर्भातल्या कोशाच्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. रानातल्या कोशाचे सूत एकसारख्या जाडीचे निघत नाही. कापडावर मधूनमधून जाड गाठी दिसतात आणि मधासारखा मूळ रंग जागोजागी थोडा बदलतो. हा दोष मानू नये. मात्र कोटाच्या दोन्ही पुढच्या भागांवर तो फरक डोळ्यांत भरतो, म्हणून ते दोन्ही भाग कापडाच्या एकाच पट्ट्यातून, शेजारीशेजारी काढावेत.

या भागातला टेलर पॅटर्न वापरत नाही. माप वहीत उतरवून घेतो आणि खडूने थेट कापडावर आखतो; आयटीआयच्या शिवणवर्गातही मापावरून आखणीच शिकवतात. विकतच्या पॅटर्नची रीत वेगळी आहे. एबेनेझर बटरिक या अमेरिकी शिंप्याने १८६३ मध्ये निरनिराळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. पुढे सिम्प्लिसिटी, व्होग, मॅकॉल्स हे पॅटर्न घराघरांत गेले आणि १९५२ पासून जर्मनीच्या बुर्डा मासिकातून पॅटर्नचे तक्ते छापून येऊ लागले. आता पीडीएफ विकत घेऊन ए-४ कागदावर छापता येते. छापल्यावर आधी चाचणीचा चौकोन पट्टीने मोजावा. तो कमी भरला तर सगळा कोट लहान होतो. अमेरिकी पॅटर्नमध्ये शिवणीसाठी दीड सेंमी माया धरलेली असते. बुर्डाच्या मासिकी पॅटर्नमध्ये ती नसते, आपण सोडावी लागते. कोशासाठी दीड सेंमी माया अपुरी पडते. त्याच्या कडा हात लागेल तशा सुटतात आणि शिवणीवर ताण आला की धागे सरकतात. बाजूच्या आणि पाठीच्या शिवणींना अडीच सेंमी माया ठेवावी.

पॅटर्नचे माप निवडताना छातीच्या घेरावर विसंबू नये. मोठ्या कंपन्यांचे स्त्रियांचे पॅटर्न एका ठरावीक बांध्यावर बेतलेले असतात. खांदा आणि मुंढा ज्या मापात बसतो ते माप घ्यावे, कंबर आणि नितंब मागाहून वाढवावेत. खांदा मागाहून दुरुस्त करणे अवघड जाते. त्यानंतर कोऱ्या मांजरपाटाचा नमुना शिवून अंगावर घालून पाहावा. अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण कोशात तो टाळताच येत नाही, कारण उसवलेल्या शिवणीच्या सुईची भोके या कापडावर तशीच राहतात. जे काही उसवायचे असेल ते मांजरपाटात उसवावे. टाचण्याही मायेच्या आतच लावाव्यात.

हातमागाच्या कापडाला खळ असते. कापण्याआधी ते गार पाण्यात बुडवून, न पिळता सावलीत वाळवावे आणि मलमलचा तुकडा वर ठेवून इस्त्री करावी. पन्हा साधारण ११५ सेंमी असेल, तर पॅटर्नवर त्या पन्ह्यासाठी दिलेली मांडणीच वापरावी. नितंबांपर्यंतच्या कोटाला अडीच ते पावणेतीन मीटर कापड लागते. पॅटर्नवरच्या बाणाची रेघ उभ्या धाग्यावर काटेकोर यावी. जुळवणीच्या खुणा कात्रीने छाटल्या की तिथूनच धागे निघू लागतात, म्हणून त्या रंगीत दोऱ्याच्या सैल टाक्यांनी घ्याव्यात. कापलेला प्रत्येक भाग लगेच ओव्हरलॉक करावा, किंवा त्याच्या कडेवर पातळ सुती पट्टी चढवावी.

पुढच्या भागाला आतून आधार द्यावा लागतो. सर्रास वापरले जाणारे जाड बकरम इथे निरुपयोगी आहे; त्याने कोसा पुठ्ठ्यासारखा ताठ होतो आणि त्याची झळाळी मरते. पातळ सुती कॅनव्हास हाताच्या टाक्यांनी लावावा. लॅपल जिथे मुडपतो त्या रेषेवर आतून एक अरुंद पट्टी शिवतात. ही पट्टी रेषेपेक्षा अर्धा सेंमी आखूड ठेवून ताणून लावली, की लॅपल छातीवर आपोआप वळतो, इस्त्रीने दाबून बसवावा लागत नाही. कॉलरचा खालचा थर उरेप कापावा.

खरी कसोटी बाहीची. लोकरी कोटाच्या पॅटर्नमध्ये बाहीच्या माथ्याचे वळण मुंढ्याच्या घेरापेक्षा तीन ते चार सेंमी लांब असते. लोकर वाफेवर आकसते, त्यामुळे ही जादा लांबी चुणी न पडता जिरते आणि खांद्यावर भरीव गोलाई येते. कोसा आकसत नाही. तीच लांबी त्यात घातली तर माथ्यावर चुण्यांची रांग उभी राहते. उपाय कागदावरच करायचा: माथ्याला आडवी घडी घालून उंची कमी करावी. अर्ध्या सेंमीच्या घडीने वळण जवळजवळ एक सेंमीने कमी होते. जादा लांबी दीड-दोन सेंमी उरली की थांबावे. ती मावून घेण्यासाठी मशीनवर मोठ्या टाक्याच्या दोन ओळी घालून दोरा हलकेच ओढावा, बाही आधी कच्च्या टाक्यांनी मुंढ्यात बसवावी आणि हात लोंबता ठेवून उभा धागा सरळ पडतो का ते पाहावे. धागा पुढे झुकत असेल तर बाही मुंढ्यात किंचित फिरवावी. शेवटी माथ्याच्या मायेला मऊ सुती कापडाची उरेप पट्टी जोडावी. लोकरीत वाफेने जी गोलाई येते, ती इथे या पट्टीने येते. पॅटर्नच्या सूचनापत्रात यातले काहीच नसते.

पँट त्याच थानातून काढायची असेल तर ती बेताची सैल ठेवावी आणि गुडघ्याखालपर्यंत अस्तर लावावे. बसताना पडणारा ताण मग अस्तर झेलते, नाहीतर मागची शिवण महिनाभरात सरकते. कोटाला पूर्ण अस्तराची गरज नाही. या हवेत पाठीचा वरचा भाग आणि बाह्या एवढ्यांना सुती मलमलचे अस्तर पुरते. उघड्या राहिलेल्या शिवणींना मात्र पट्टी लावून त्या बंद कराव्या लागतात. तुरपाई रेशमी दोऱ्याने, सैल हाताने करावी.

काजे हाताने करावीत. काज कापण्याआधी त्या जागेभोवती बारीक टाक्यांची एक ओळ घालून घ्यावी, म्हणजे चिरलेली कड सुटत नाही. कोट घरी धुवू नये, ड्रायक्लीनला द्यावा. पावसाळ्यात तो प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता जुन्या सुती धोतरात गुंडाळून ठेवावा आणि ऊन नसलेल्या वाऱ्यावर अधूनमधून टांगावा.