पहारा गिऱ्हाइकावर

संगणकावरचे खेळ खेळण्याचे माझे वय केव्हाच उलटून गेले, असे आमच्या घरचे मत आहे. असेल. पण सातपूरच्या कारखान्यात दिवसभर हिशेबाचे आकडे जुळवून आल्यावर रात्री तासभर तलवार घेऊन एखादा किल्ला सर केला, की मला बरे वाटते. कोणी झोपण्यापूर्वी पेटी वाजवतो, कोणी पत्ते लावतो. त्यातलाच हा प्रकार. माझी तक्रार खेळाविषयी नाहीच. खेळ विकणारे गिऱ्हाइकावर जो पहारा बसवतात, त्याविषयी आहे.

या पहाऱ्याचे जुने रूप मोठे लोभस होते. १९९० साली पीसीवर आलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त पहिला टप्पा ओलांडला, की राजपुत्र एका दालनात येई. तेथे अक्षरे लिहिलेल्या कुप्या मांडलेल्या असत. सोबतच्या पुस्तिकेत अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचे पहिले अक्षर कोणते ते पाहायचे आणि तीच कुपी प्यायची. आमच्याकडे फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत आलेल्या खेळाबरोबर पुस्तिका कुठून असणार? कोणा चिकाटीच्या माणसाने सारी अक्षरे एका वहीत टिपून ठेवली होती. ती वही कॉलेज रोडपासून पंचवटीपर्यंत हिंडे.

पुढे पगार सुरू झाला आणि मी खेळ विकत घेऊ लागलो. छळ सुरू झाला तो तेव्हापासून! २०१० च्या सुमारास मी एक डीव्हीडी घेतली. लांबलचक किल्ली टंकली, तेव्हा खेळाने हुकूम सोडला : इंटरनेट जोडा, आणि खेळ चालू आहे तोवर जोडलेलेच ठेवा. खेळ एकट्याने खेळायचा. घोडा माझा, तलवार माझी, शत्रूही माझ्याच टेबलाखालच्या डब्यात. परवानगी मात्र सातासमुद्रापलीकडून यायची. ते दिवस भारनियमनाचे. इन्व्हर्टरवर माझा संगणक चाले, पण केबलवाल्याच्या चौकातल्या पेटीत वीज नसे. इंटरनेट जाई आणि माझा घोडा पाय उचललेल्या अवस्थेत थिजून उभा राही. शेजारचा मुलगा तोच खेळ पायरेटेड प्रतीवर, लॅपटॉपच्या बॅटरीवर, निर्वेध खेळत असे. त्याच्या प्रतीतून कोणी तरी पहारेकरीच काढून टाकला होता!

कंपन्यांची बाजू मला कळते. एका खेळामागे शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबतात. चोरी त्यांना झोंबणारच. पण पहाऱ्याने चोरी थांबते का? २००८ साली ‘स्पोअर’वर तीनच संगणकांची मर्यादा घातली होती. चिडलेल्या लोकांनी बोभाटा केला, आणि त्या वर्षी सर्वांत जास्त चोरल्या गेलेल्या खेळांत त्याचीच गणना झाली. २०१३ साली ‘सिमसिटी’ आला, तेव्हा रोख पैसे मोजलेले लोक सर्व्हरच्या दारात ताटकळत बसले.

आमच्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. तेथून आणलेल्या पुस्तकाने पान उलटण्यापूर्वी प्रकाशकाची परवानगी मागितल्याचे ऐकिवात नाही. २०१४ साली निघालेला ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ मात्र ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हरसकट बंद झाला. डीव्हीडी घेणाऱ्यांच्या हाती उरली ती कपाखाली ठेवायची तबकडी. यावरून युरोपात लाखो सह्यांची मोहीम झाली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आला, की नुसता वापराचा परवाना देत असाल, तर ‘विकत घ्या’ म्हणताना तसे स्पष्ट सांगा.

गेल्या मे महिन्यात भाचा म्हणाला, “मामा, तुझे जुने खेळ मला दे ना. तू कुठे खेळतोस आता ते?”

माझी जुनी सायकल मी त्याला दिली, कॅरमही दिला. खेळ देता येईनात. ते माझ्या नावाच्या खात्यात आहेत आणि खाते दुसऱ्याला देण्याची मनाई आहे. हे त्याला समजावताना माझीच जीभ अडखळली. “म्हणजे ते तुझे नाहीतच?” त्याने विचारले.

२००८ पासून ‘जीओजी’ नावाचे पोलंडातले एक दुकान पहारेकऱ्यावाचून खेळ विकते. तेथून घेतलेला एक खेळ मी कपाटातल्या हार्ड डिस्कवर ठेवला आहे. दिवाळीला भाचा आला, की माझ्याच टेबलावर त्याला तो लावून देणार आहे; इंटरनेटची वायर उपसून.