ऐकून घेतले, पुढे?

नकार द्यायला जागाच ठेवली नसेल, तर गप्प राहिलेल्याने होकार दिला असे धरायचे का?

नेटवर्क स्विचच्या ड्रायव्हरमधले बदल तपासताना मी इथे अडकतो. लिनक्स कर्नलमध्ये 3.19 आवृत्तीपासून, म्हणजे 2015 पासून, स्विचडेव्ह ही व्यवस्था आहे. ब्रिजला एखाद्या पोर्टामागचा नवा मॅक पत्ता कळला की ती खबर नोटिफायरच्या साखळीतून नोंदलेल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या कानावर जाते. पोर्ट आपले नसेल तर ड्रायव्हरने बाजूला व्हायचे; आपले असेल तर पत्ता चिपच्या तक्त्यात बसवायचा. पण ही खबर येते तेव्हा ड्रायव्हरला थांबायची मुभा नसते. तो ती टिपून वर्कक्यूत टाकतो आणि परततो. काम मागाहून होते. पत्ता बसला, तर तसे ब्रिजला कळवायची सोय आहे. तक्ता भरलेला निघाला, तर ते कळवायची नाही. समोरचा पॅच अशा वेळी लॉगमध्ये एक ओळ लिहितो आणि संपतो. मला ते खटकते, पण चूक कुणाची म्हणावी? वरून उत्तर मागितलेलेच नाही.

यावरून म्हण आठवते: ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे.’ आपण ही म्हण करणाऱ्याला धीर द्यायला वापरतो. लग्न माझे, नोकरी माझी, शेत माझे. चार लोकांचे ऐकेन, पण निभावायचे मलाच आहे. तिथे ती खरी आहे. कारण करणारा आणि भोगणारा एकच. पण भोगायचे जनाला आणि मन मात्र तिसऱ्याच कुणाचे, अशा ठिकाणी तीच म्हण किती कठोर होते! शब्द तेच, आणि ऐकणे हा नुसता उपचार उरतो.

गोव्यातल्या शिरगावात राहून हे कळायला लांब जावे लागत नाही. खाणीचे खंदक भूजलाच्या पातळीखाली गेले, पाणी उपसून बाहेर टाकले गेले, विहिरी आटल्या. 2012 साली खाणी थांबल्या. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने लीजांचे नूतनीकरण रद्द केले. 2022 च्या डिसेंबरातल्या लिलावात शिरगाव-मये हा पट्टा पुन्हा निघाला. देऊळ, तळी आणि घरे त्यातून वगळा, असे गाव म्हणत राहिले. लईराई देवीच्या जत्रेत होमकुंडातून जाण्याआधी तिचे व्रतस्थ भक्त, म्हणजे धोंड, ज्या तळीत न्हातात, तीच ही तळी.

खाणीच्या पर्यावरण परवान्याआधी जनसुनावणी असते. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत तिचे नियम आहेत. निदान 30 दिवस आधी सूचना. हजेरीला कोरमची अट नाही. मांडलेले मुद्दे नोंदवून तिथेच वाचून दाखवायचे आणि स्थानिक भाषेत समजावायचे. प्रकल्प आणणाऱ्याने हरकतींना उत्तर द्यायचे. मी हे नियम पुन्हा पुन्हा वाचतो. ऐकण्याची इतकी काळजी क्वचितच कुठे घेतलेली असेल. पण सगळ्या गावाने नको म्हटले म्हणजे परवाना नाकारलाच पाहिजे, असे त्यात नाही.

मग नकाराला बळ द्यावे, एवढेच का? कर्नलमध्ये तीही सोय आहे. व्हीलॅनसारख्या गोष्टींसाठी थांबून उत्तर घेणारी दुसरी साखळी आहे. तिथे एका ड्रायव्हरने चूक कळवली की साखळी तिथेच तुटते. त्याच्यामागे उभे असलेल्यांना खबर मिळतच नाही आणि आधी हो म्हटलेल्यांचे केलेले काम उलटे फिरवावे लागते. खाण बंद पडली तेव्हा खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांच्या घरांतही हप्ते थकले होते. त्यांचे ऐकणे कोणत्या साखळीत बसवायचे? सुरुवातीला मला नकाराची वाट हवी होती. आता ती कुणी, कितव्या जागी उभे राहून वापरायची, हे ठरवता येत नाही.

पॅचवरचा शेरा अजून लिहिलेला नाही. लॉगमधली ती ओळ काढ म्हणावे, तर झाल्या गोष्टीची नोंदही जाईल. राहू दे म्हणावे, तर नोंद घेतली की उत्तर दिले, हे मीच मान्य केल्यासारखे होईल.