यादी की सुटं?

पायथॉनमध्ये मेथड लिहायच्या आधी मी तिच्या कॉलची ओळ लिहून बघते, डेफ नंतर. समजा, शहरांची नावं घ्यायची आहेत. कॉल करणारा ती स्वतः टाइप करणार असेल, तर पॅरामीटरला स्टार लावून सुटी घ्यावीत. उगाच चौकोनी कंसांचा जाच कशाला? प्रिंट तसंच तर चालतं. पण नावं फाइलमधून किंवा डेटाबेसमधून येणार असतील, तर ती गोळा होऊनच येतात. मग सरळ लिस्ट मागावी. ती सुटी करून पाठवायची आणि आत पायथॉनने पुन्हा त्यांचा टपल बांधायचा, यात काही राम नाही.

दोन्ही चालेल असं ठेवायचा मोह होतो. मॅक्सला तो आवरला नाही, आणि भुर्दंड वापरणाऱ्याला पडतो. आकड्यांच्या लिस्टला स्टार लावून मॅक्सला दिली की टेस्टमध्ये सगळं सुरळीत. मग एखाद्या दिवशी लिस्टमध्ये एकच आकडा उरतो. एकच गोष्ट आली म्हणजे ती लिस्टच असणार, असं मॅक्स धरून चालतं; आकड्यावर काही फिरता येत नाही, की आला टाइपएरर. स्टार न लावता लिस्टच दिली असती तर ही वेळ आली नसती, आणि लिस्ट रिकामी निघाली तरी डिफॉल्टची सोय होती.

लिस्ट मागण्यातही एक खोच आहे, आणि ती एररपेक्षा वाईट, कारण ती तोंडच उघडत नाही. लिस्टच्या जागी कुणी नुसतं 'पुणे' दिलं, तर लूप त्यावरही निमूट फिरतो: प, उकार, ण, मात्रा. चार फेऱ्या, चार 'शहरं'! लॉगमध्ये अधांतरी लटकलेला उकार दिसला की समजावं, कुणीतरी कंस विसरलाय. टाइप हिंटमध्ये स्ट्रिंगांचा सिक्वेन्स असं लिहून भागत नाही, कारण एकटी स्ट्रिंगही त्यात बसते. म्हणून अशा मेथडच्या पहिल्याच ओळीत मी स्ट्रिंग आलीय का ते तपासते.

खुद्द पायथॉनच्या घरातही एकवाक्यता नाही. स्ट्रिंगचं जॉइन यादी मागतं, ओएस.पाथचं जॉइन सुटे तुकडे. पाथचे तुकडे बहुधा हातानेच लिहिले जातात, म्हणून ते मला पटतं. असिंकआयओमधल्या गॅदरला मात्र टास्क सुटे हवेत, ते नाही पटत. टास्क बहुतेकदा लूपमध्येच तयार होतात, त्यामुळे जिथे बघावं तिथे गॅदरच्या कंसात स्टार. 3.11 मध्ये टास्कग्रुप आला, तेव्हापासून नव्या कोडमध्ये मी तोच वापरते. लूप फिरता फिरता एकेक टास्क त्यात टाकत गेलं की झालं.