कडेचे स्क्रू

होळी बाजारात माझी ओळख 'पत्रेवाल्यांचा मुलगा' हीच. मी मराठी साहित्य शिकतो, हे तिथे कुणाच्या खिजगणतीत नाही! वडील वालीव-सातिवलीच्या कारखान्यांवर पत्र्याची छपरे घालण्याची कंत्राटे घेतात. कामाची घाई एप्रिल-मेमध्ये, पैसे मात्र दिवाळीपर्यंत रखडत येतात.

गिऱ्हाईक पत्रा बोटांनी चाचपून पाहते. स्क्रू कोणी मोजत नाही, म्हणून घासाघीस नेमकी तिथेच. वारा छप्पर दाबतो असे आपल्याला वाटते; खरे तर छपरावरून वेगाने जाताना तो पत्रा वर ओढतो, आणि ही ओढ कडांना व कोपऱ्यांना सर्वांत जास्त. तिथे स्क्रू जवळजवळ हवेत. शिवाय आपली ही खारी हवा! जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तग धरतो, साधा स्क्रू आधी गंजतो.

२०२१ च्या मार्चमध्ये एका मालकाने कडेचे स्क्रू निम्मे करायला सांगितले. वडिलांनी काम सोडले. त्या वर्षी माझी फी हप्त्याहप्त्याने भरली गेली. छप्पर दुसऱ्याने घातले. १७ मे रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, आणि दोन दिवसांनी त्याच मालकाचा फोन आला. वडिलांनी जुनेच अंदाजपत्रक काढले. दर तेवढे नवे लिहिले.