सुट्या तारांचा षड्ज

गिटारच्या सहा तारा जाड तारेकडून ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावायच्या, हे कॉलेजात शिकले. कॉर्ड जमल्या, मैत्रिणींच्या गाण्यांना साथही होऊ लागली. तरी मन भरत नव्हतं. घरी आईचा मिरजेचा तानपुरा, त्यामुळे कानाला मागे अखंड षड्ज लागायचा. गिटारवर कॉर्ड बदलली की तो आधारच निघून जायचा.

मग एका मित्राने ‘डॅडगॅड’ दाखवलं. सहावी (सर्वांत जाड), दुसरी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवायची, बाकीच्या तिघींना हात लावायचा नाही. झालं डी, ए, डी, जी, ए, डी. डीला सा धरला तर सा, प, सा, म, प, सा. त्यात गंधारच नाही! कॉर्ड मेजर की मायनर हे ज्या स्वरावर ठरतं, नेमका तोच मोकळा ठेवलेला. कोमल घ्या, शुद्ध घ्या, खाली षड्ज-पंचम आहेतच. ब्रिटिश वादक डेव्ही ग्रॅहमने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला, मोरोक्कोत ऊद वाजवणाऱ्यांना साथ करता यावी म्हणून हे ट्यूनिंग वापरलं. पुढे आयरिश लोकसंगीतातही ते रुजलं. आधारस्वर सोडायचा नाही, अशाच संगीताकडे ते जात राहिलं, असं मला वाटतं.

तार लावताना ती स्वराच्या थोडी खाली नेऊन मग वर आणायची, म्हणजे वाजवताना उतरत नाही. सैल झालेली सहावी तार पडद्यांना लागून झणझणते, म्हणून मी तिथे जाड तार घालते. बोटांना पाठ असलेलं मात्र सगळं निकामी होतं. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं, कारण बोटं अडली की प्रत्येक स्वर कानाने शोधावा लागतो.

पन्नाशीनंतर डाव्या हाताची अनामिका नीट मिटेना, तेव्हा गायिका-गिटारवादक जोनी मिचेल नव्याने कळली. नवव्या वर्षी झालेल्या पोलिओने तिचा डावा हात अशक्त झाला होता. त्या हाताला पेलेल अशा तऱ्हेने ती तारा निरनिराळ्या लावत गेली, आणि त्यातून तिचे ते अनोखे स्वरमेळ आले. अशक्तपणाची भरपाई म्हणून त्यांच्याकडे बघणं मला अन्यायाचं वाटतं. ती स्वतंत्र रचना आहे, आणि धडधाकट हातांनाही ती सहज सुचली नसती.

आता भाची गाणं शिकते, आणि तिला मी डॅडगॅडवर साथ करते. तिची पट्टी काळी चार, म्हणून तारा दाबून धरणारा कॅपो सहाव्या पडद्यावर. यमनला शुद्ध मध्यम खुपतो, तेव्हा तिसरी तार अर्धा स्वर उतरवली की तिथे गंधार येतो. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून दोन्ही पंचम मध्यमावर आणावे लागतात. पण दुसरी तार इतकी उतरवली की फारच ढिली पडते. तिथेही जाड तार घालून बघणार आहे.