बदलीच्या यादीत नसलेला प्रवासी

शासकीय नोकरीत बदलीचा आदेश हाती पडला की घरात सामानाची यादी तयार होऊ लागते. त्या यादीत गॅसच्या शेगडीपासून तुळशीच्या कुंडीपर्यंत सारे काही असते. घरातल्या कुत्र्याचे वा मांजराचे नाव मात्र बहुधा नसते. निरनिराळ्या राज्यांतील शासकीय वसाहतींत एक दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. जुने साहेब गेलेले असतात, नवे आलेले असतात, आणि जुन्या साहेबांचा कुत्रा फाटकाशी बसून असतो. शिपाई त्याला पोळी घालतो; काही दिवसांनी तेही थांबते. ‘एवढ्या लांबच्या प्रवासात त्याचे हाल झाले असते’ हे कारण अशा वेळी हमखास सांगितले जाते. त्या कारणात तथ्य किती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२०१८ च्या मे महिन्यात माझी जयपूरहून लखनौला बदली झाली. अंतर साधारण पावणेसहाशे किलोमीटर, दिवस ऐन उन्हाळ्याचे आणि आमचा मोत्या नऊ वर्षांचा. जातीने गावठी, पण आमच्या घरात वाढल्यामुळे त्याला आज्ञा कळत त्या फक्त मराठीतल्या. त्याला माळ्याकडे ठेवून जावे, असा सल्ला सहकाऱ्यांनी दिला. सवयीप्रमाणे मी आधी नियम काढून वाचले.

प्राण्यांच्या वाहतुकीचे केंद्र शासनाचे नियम १९७८ चे आहेत. कुत्र्या-मांजरांविषयीचा त्यातील भाग कोणत्याही मोटारमालकाने वाचावा असा आहे. प्राणी प्रवासास योग्य असून त्याला संसर्गजन्य रोग नाही, असे पशुवैद्यांचे प्रमाणपत्र सोबत हवे. निघण्याच्या किमान दोन तास आधी खाणे-पिणे उरकावे आणि निघण्यापूर्वी शक्य तितक्या उशिरा त्याला फिरवून आणावे. उन्हाळ्यात दर चार तासांनी व हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे. मोठ्या प्राण्याला बारा तासांतून एकदा आणि पिल्लांना दर चार तासांनी खायला घालावे. गाभण मादीचे दिवस भरत आले असतील, तर तिला नेऊच नये. तहान-भुकेचा हिशेब तासांत मांडणारा हा मजकूर ज्याने लिहिला, त्याने मुक्या प्रवाशाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले असावे, असे मला वाटले.

तयारी दोन आठवडे आधी सुरू केली. रोज पंधरा-वीस मिनिटे मोत्याला गाडीतून फिरवून आणले, म्हणजे गाडी सुरू झाली की मोठे संकट आले असे त्याला वाटू नये. छातीवरून येणारा पट्टा घेतला आणि तो मागच्या आसनाच्या सीटबेल्टला अडकवला. गळ्यातल्या पट्ट्याला असे बांधू नये. जोरात ब्रेक लागल्यास मानेला हिसका बसतो. पुढच्या आसनावर एअरबॅगचा धोका असतो, आणि खिडकीबाहेर तोंड काढू दिल्यास धूळ व खडे डोळ्यांत जातात. मांजर असेल, तर तिला बंद टोपलीतूनच न्यावे; चालकाच्या पायांशी शिरलेले मांजर साऱ्यांच्याच जिवावर बेतू शकते.

पहाटे चार वाजता निघालो. नियम चार तासांचा असला तरी आम्ही दर दोन तासांनी थांबत होतो. दार उघडण्यापूर्वी साखळी हातात धरायची, हा दंडक होता. आमचा चालक राजस्थानी. भरतपूरजवळ मोत्याला पाणी पाजताना तो मला म्हणाला, “बस साहब, और नहीं पिएगा,” आणि ‘बस’ ऐकताच मोत्या आज्ञाधारकपणे खाली बसला!

आग्रा–लखनौ द्रुतगती मार्गावरील एका विश्रांतीस्थळी मात्र हसू मावळले. उन्हात उभ्या असलेल्या एका बंद गाडीत चपट्या नाकाचे एक छोटे कुत्रे जीभ बाहेर काढून धापा टाकत होते. काच दोन बोटे उघडी होती. तेथील कर्मचाऱ्याला गाडीचा क्रमांक पुकारायला लावला, तेव्हा मालक धावत आले. त्यांच्या हातात त्या कुत्र्यासाठीच घेतलेली पाण्याची बाटली होती. “काच तर उघडी ठेवली होती,” असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

काच थोडी उघडी ठेवल्याने फारसे काही साधत नाही. बाहेर २४ अंश सेल्सिअस असतानाही उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत सुमारे ३४ आणि अर्ध्या तासात सुमारे ४३ अंशांपर्यंत तापमान चढते. मग मे महिन्यातील उत्तर प्रदेशाविषयी काय बोलावे? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धाप टाकूनच त्याचे शरीर निवते, आणि चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. आम्ही त्याला सावलीत नेले, अंगावर साधे पाणी ओतून वारा घातला. थोड्या वेळाने ते उठून उभे राहिले, तेव्हा मालकांना पशुवैद्याकडे जाण्यास सांगून आम्ही निघालो.

प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा. वाहनातून नेताना प्राण्याला विनाकारण यातना देणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडून देणे, हे दोन्ही त्याच्या कलम ११ नुसार गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! परंतु दंड वाढवून त्या गृहस्थांच्या बाबतीत काय साधले असते? त्यांच्या ठायी प्रेम होते, माहिती नव्हती. फाटकाशी कुत्रा सोडून जाणाऱ्यांपैकीही अनेकांचे असेच असावे. प्रवासाच्या भयाने ते त्याला मागे ठेवतात. ते भय थोड्या तयारीने दूर होते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मोत्या संध्याकाळी लखनौला सुखरूप पोहोचला. त्याचे जुने अंथरूण मुद्दामच न धुता आणले होते. अनोळखी घरात त्याला तेवढाच ओळखीचा वास. येत्या मे-जूनमध्ये ज्यांच्या हाती बदलीचे आदेश पडतील, त्यांनी सामान बांधणाऱ्यांना बोलावण्यापूर्वी पशुवैद्यांची वेळ घ्यावी, एवढीच विनंती.